दाजींचे कान

बहिणीचा नवरा म्हणून जहाजावरही मी त्यांना दाजीच म्हणायचो. मला तिथे चिकटवलं त्यांनीच. आमचं जहाज हवेच्या तोफा पाण्यातून ओढत न्यायचं. कोंडलेली हवा मिनिटाला एकदा सुटायची, दणका समुद्रतळाखालच्या खडकात शिरून परतायचा आणि तळावर ठेवलेली यंत्रं तो टिपायची. त्यावरून पृथ्वीचं कवच कुठे किती जाड आहे, ते शास्त्रज्ञ काढायचे. आम्ही दोघं तोफांचे मिस्त्री. कुठली तोफ उशिरा उडाली ते दाजी डेकच्या हादऱ्यावरून, तळपायांनी ओळखून सांगायचे. शास्त्रज्ञांचा आलेख मागाहून तेच सांगायचा.

सव्वीस वर्षांच्या दणक्यांनी त्यांचे कान नेले. मला ते ठाऊक होतं. ताई म्हणाली होती, "आधी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, आता खरंच ऐकू येत नाही रे. पण तू बोलू नकोस. घरी बसवलं तर खचतील."

मी तोंडात गुळणी धरली. माझी नोकरी त्यांच्याच शब्दावर होती, हेही खरं.

वर घेतलेली तोफ उघडण्याआधी तिच्यातली हवा सोडायची आणि कान टेकवायचा. सूं-सूं थांबली की ओरडायचं, "रिकामी." कंप्रेसरच्या गदारोळात दुसरा इलाज नव्हता. हे मानाचं काम दाजी कुणाला देत नसत. मी त्यांच्या मागून गुपचूप पुन्हा कान लावायचो. चार वर्षं निभावलं.

त्या दिवशी मी वॉशर आणायला खाली गेलो होतो. दाजी "रिकामी" म्हणाले, तोफा वर ओढणाऱ्या विंचवाल्याने बोल्ट सोडले आणि उडालेल्या झाकणाने त्याची तीन बोटं तोडली.

चौकशी जेवणाच्या खोलीत झाली. कप्तानाने विचारलं, "हवेचा आवाज आला नाही तुम्हाला?"

दाजी त्याच्या ओठांकडे बघत होते. "येतच नाही, साहेब. चार वर्षं झाली."

"आणखी कुणाला माहीत होतं?"

"कुणाला नाही. मी पक्का लबाड."

कप्तान माझ्याकडे वळला. "तुम्ही तर त्यांचे मेहुणे. तुम्हालाही नव्हतं माहीत?"

आता दाजी माझ्या ओठांकडे बघू लागले. मी म्हणालो, "नाही."

त्यांनी ते वाचलं आणि सुटल्यासारखा श्वास टाकला. पुढच्या बंदरात त्यांना कायमचं उतरवलं. बॅग उचलून द्यायला गेलो, तर म्हणाले, "बरं बोललास." त्यांनी मुस्कटात मारली असती तर मला सोसलं असतं.