शिळं पाणी

आईकडे सकाळचं पहिलं काम ठरलेलं असे. रात्रीचं उरलेलं पिण्याचं पाणी शिळं, म्हणून ते ओतून द्यायचं, हंडा चिंचेनं घासायचा आणि नळाचं ताजं पाणी भरायचं. सटाण्याजवळच्या आमच्या गावात आमच्या वस्तीला विहिरीला हात लावता येत नसे. कोणी वरून ओतेल तेवढं पाणी घरी यायचं आणि ते दोन-दोन दिवस पुरवायचं. वडिलांना नाशिकला नोकरी लागली, कॉलनीत घर मिळालं, दारात नळ आला. त्या दिवशी आई म्हणाली, "आता या घरात शिळं पाणी कुणी प्यायचं नाही." लग्न होऊन मी दोनच गल्ल्या पलीकडे गेले. सवय बरोबर नेली.

ऐंशीच्या दशकात, मी चाळिशीला टेकले असताना, आम्ही नवरा-बायको एका शिडाच्या यॉटवरून मुंबईहून सेशेल्सला गेलो. नवरा डिझेल इंजिनाचा मिस्त्री. यॉटचे मालक जहाजावरून निवृत्त झालेले कॅप्टन होते. त्यांच्या यॉटचं इंजिन नवऱ्यानं उतरवून पुन्हा बसवलं होतं, पिण्याच्या पाण्याच्या टाकीला नवा हातपंपही त्यानंच जोडला होता. कॅप्टन त्याला म्हणाले, बरोबर चला, आणि स्वयंपाक करणारं कोणी असेल तर बघा. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. बिनपगारी रजा काढली, मुलं आईकडे ठेवली आणि निघाले. चौथे होते रत्नागिरीकडचे एक तांडेल. साठी उलटलेली, चाळीस वर्षं शिडावर काढलेली. मला ते वैनी म्हणायचे आणि कॅप्टन बाई म्हणायचे, शाळेतल्यासारखं.

समुद्रावर फार काही घडत नाही. घडू नये म्हणूनच दिवसभर काम असतं. सुकाणूवर पाळ्या होत्या. माझी दुपारी दोन ते चार, कारण तेव्हा वारा सरळ असे. बाकी वेळ मी खाली. रॉकेलचा स्टोव्ह पाळण्यासारखा टांगलेला होता. बोट कलली की तो उलटा कलायचा, आणि मी तिसरीकडेच. पहिले तीन दिवस मी ओकले आणि पिठलं केलं, दोन्ही आलटून पालटून. सटाण्याचे कांदे जाळीच्या पिशव्यांत टांगले होते, ते रोज हलवून बघायचे. एक नासला की शेजारचा नासतो. कपबशा चिंध्यांत गुंडाळून ठेवायच्या. भाकरी थापायला दोन्ही हात लागतात, म्हणून मी कमरेला पट्टा बांधून स्वतःला ओट्याला अडकवून घेत असे. तांडेल म्हणायचे, "वैनी, गाय बांधल्यासारखी दिसतेस."

"दूध काढायला येऊ नका म्हणजे झालं," मी म्हटलं. त्यानंतर ते माझ्या भाकरीला नावं ठेवेनासे झाले.

टाकी अडीचशे लिटरची. कॅप्टननी दिवसाला दहा लिटर ठरवले होते. भांडी आणि अंघोळ समुद्राच्या पाण्यात. नवव्या दिवशी त्यांनी टाकीत खुणा केलेली काठी बुडवली, बाहेर काढून पाहिली, पुसून पुन्हा बुडवली.

"नव्वद लिटर संपायला हवं होतं," ते म्हणाले. "एकशे पंधरा गेलंय. पंपाच्या जोडातून गळतंय, मिस्त्री."

"जोड माझ्या हातचा आहे," नवरा म्हणाला. "गळणार नाही."

"मग पाणी गेलं कुठं? डिझेल बंदरात शिरण्यापुरतंच आहे. विषुववृत्ताजवळ वारा पडला तर आठ-दहा दिवस कुठेही जाता येत नाही. दोन दिवसांत गळती सापडली नाही तर वाट मोडून मालदीवकडे वळायचं."

वळणं म्हणजे नुसता उशीर नव्हे. तिथले कागदपत्र आमच्याकडे नव्हते, आणि नवऱ्याच्या कामाला कायमचा बट्टा लागला असता. तो दोन दिवस फळ्या उचलून पोटावर पडून होता. प्रत्येक जोडाला कोरडी चिंधी बांधायचा, तासाभरानं सोडून गालाला लावून बघायचा. चिंध्या कोरड्याच निघत. ढोपरं सोलली. जेवतानाही नजर पंपाकडेच.

अकराव्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे सगळ्यांआधी उठले. पिण्याच्या पाण्याची स्टीलची कळशी घेतली, तळाशी उरलेलं तीनएक लिटर पाणी मोरीत ओतायला तिरकी केली, आणि धार पडायला लागल्यावर माझा हात थांबला. मोरीची नळी थेट समुद्रात जात होती. रोज सकाळी मी हे करत होते. ओतत होते, घासत होते, आणि हातपंपानं त्याच टाकीतलं, मुंबईहून आणलेलं तेच पाणी ताजं म्हणून भरत होते.

खोटं कशाला सांगू, क्षणभर वाटलं की गप्प बसावं. आजपासून ओतणं थांबवलं की गळतीही थांबेल. पण मग नवऱ्याचा जोड कायमचा गळका ठरला असता. मी कळशी घेऊन वर गेले. तिघेही होते.

"गळती सापडली," मी म्हटलं. "मी आहे ती."

सगळं सांगितलं. आईचा नळही सांगितला, कारण त्याशिवाय ते वेडेपण वाटलं असतं. तांडेलांनी कळशीत डोकावून पाहिलं.

"वैनी, टाकीत शिळं आणि कळशीत ताजं?"

"हो."

"तीन दिवसांचं पाणी माशांना पाजलंस. मासे पण म्हणाले असतील, आज गोडं कसं लागतंय."

नवरा हसला. दोन दिवसांनी हसला. मला एवढंच म्हणाला, "अगं, निदान माझ्या ढोपरांना तरी आधी सांगायचंस."

कॅप्टन हसले नाहीत, रागावलेही नाहीत. काठी माझ्या हातात दिली. "बाई, पाणी आता तुमच्या ताब्यात. ज्यानं पाणी पुरवून पुरवून प्यायलंय त्यालाच ते राखता येतं." मालदीवचं नाव पुन्हा निघालं नाही.

मी आठ लिटरवर आणलं. भाताला एक वाटी समुद्राचं, तीन वाट्या गोडं, वेगळं मीठ नाही. चहा दोनदाच, तोंड धुणं खाऱ्यानं. गावात आईनं काय काय केलं होतं ते एकेक आठवत गेलं. वारा खरंच पडला, पाच दिवस. बोट जागच्या जागी डुलत होती आणि मी काठी बुडवत होते. कॅप्टननी एकदाही काठी मागून घेतली नाही. चोविसाव्या दिवशी बेटं दिसली तेव्हा टाकीत चार बोटं पाणी होतं. नवऱ्याचा जोड कोरडा होता.

त्या तिघांचे उपकार मी अजून मानते. चूक कबूल केल्यावर माणसाच्या हातून काम काढून घेतात, हेच मी तोवर बघितलं होतं.

नाशिकला परतल्यावर आईनं विचारलं, "तिथं पाणी कसं होतं?"

"शिळं. चोवीस दिवसांचं."

"आणि प्यायलीस?"

"तुझ्याच शिकवणीवर पुरवलं."

 दुसऱ्या दिवशी सकाळी ती हंडा ओतायला निघाली तेव्हा मी आधी एक पेला भरून घेतला आणि तिच्यासमोर प्यायले. उरलेलं तिनं नेहमीसारखं मोगऱ्याला घातलं. मी अडवलं नाही. नळ तिचा होता.

"समुद्रावर काय गेलीस," ती हंडा घासत म्हणाली, "लावलेलं वळण बिघडवून आलीस."