मंडळीची साठी

आमची मंडळी जन्मात कधी रिक्षात बसली नाही. शिवाजी पेठेतनं स्टेशनला डोक्यावर बोचकं घेऊन चालत जायची आणि रिक्षानं निघालेल्या पाहुण्यांच्या आधी फलाटावर उभी असायची. गल्लीत तिला एक्स्प्रेस म्हणायचे. तिला ते आवडायचं.

मी चपला शिवणारा, चौथी नापास, तोंडानं फटकळ. ती हळू बोलायची, पण बोलली की विषय संपला.

माझी साठी झाली तेव्हा पोरानं शांत घातली. दोनशे पान उठलं. ती दिवसभर चुलीपुढं. तीन वर्षांनी खंडेनवमीला तिची साठी आली, तर कुणाच्या ध्यानातच नाही. आमच्यात बायकांची साठी करत नाहीत. आठवडा आधी जेवताना ती म्हणाली, "तुमच्या साठीला मी उभी हुतो. माझ्या साठीला मी नरसोबाच्या वाडीला चालत जाणार. सांजेच्या आरतीच्या आत. तुम्ही मागनं या."

वाडी म्हणजे पंधरा-सोळा कोस. पोरगा हसला. म्हणाला, आई काय हातकणंगल्याच्या पुढं जात नाही, मी तिथं जीप घेऊन थांबतो.

"थांब की. गाडीत पाय ठिवला तर माझी साठी झालीच न्हाय म्हणून समजा."

मी आठ दिवस खपून तिला नवीकोरी जोडी शिवली. गिऱ्हाइकाला रोज सांगतो, नवी चप्पल तेल पाजून चार दिवस घरात घाला. घरच्या माणसाला सांगायचं राहिलं.

खंडेनवमीला हत्यारं पुजेला, दुकान बंद. पहाटे ती निघाली, मागं मी सायकलवर. वाटेत लोक पाया पडायचे, केळी द्यायचे. शिरोलीपाशी एका बाईनं विचारलं, मालकांसाठी नवस केलाय का?

"न्हाय वो. मालक ठणठणीत हाईत. माझा वाढदिवस हाय."

हातकणंगल्यात तिची चाल मोडली. टाचेला फोड, अंगठा सोललेला. पोरगा जीपचं दार उघडून उभा. तिनं जीपकडं बघितलंच नाही, माझ्या पायांकडं बघितलं. पाच वर्षं झिजलेल्या चपला होत्या.

"काढा त्या."

मोठ्या होत होत्या, म्हणून रुमाल फाडून बांधल्या. मी अनवाणी सायकल मारली, नवी जोडी कॅरियरला. पोरगा ड्रायव्हरला जीप हळूहळू रेटायला लावून मागं. जयसिंगपूरला त्यानं जीप ड्रायव्हरवर सोडली, पाण्याची कळशी उचलली आणि तोही आईच्या मागं चालायला लागला.

आरतीची घंटा व्हायच्या आत ती वाडीच्या घाटावर उतरली आणि नदीत पाय सोडून बसली.

"झाली का न्हाय साठी?"

"झाली," मी म्हणालो. मग मी तिचा पाय उचलून मांडीवर घेतला. गावाच्या पायांची मापं घेण्यात माझा जन्म गेला, हिचं कधी घेतलं नव्हतं. बायकोच्या पायाला हात कसा लावायचा, म्हणून अंदाजानंच शिवत आलो होतो. घाटावरची माणसं बघायला लागली. बघू देत म्हटलं. खिशातनं सुतळी काढली.

ती म्हणाली, "नीट घ्या माप. सत्तरीला जोतिबाचा डोंगर हाय."

सत्तरीला दोन महिने कमी पडले. पण त्या मापाच्या जोड्यांवर ती पावणेदहा वर्षं चालली, एकही जोडी चावली नाही.