जहरी नारळाचं झाड

मलकापुरात आमच्या शेजारी एक सुतार चाचा राहायचे. तरुणपणी मुंबईहून ते जहाजावर गेले होते, तिथंही सुतारकामच करायचे. परत येताना त्यांनी दूरच्या एका बेटावरून जहरी नारळ आणला होता, काळा, दोन नारळ जोडल्यासारखा. नाव जहरी, पण औषधाचा. कुणाच्या मुलाला ओकाऱ्या झाल्या की बाया त्याचा गर उगाळून न्यायच्या.

आमचा वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. मुलींच्या शाळेत नागपूरकडचे मास्तर बदलून आले होते. ते एकदा म्हणाले, "जहरी नारळाचं झाड समुद्राच्या तळाशी असतं."

मी उठून म्हणाले, "नाही मास्तर, डोंगरावर असतं. चाचांनी पाह्यलं हाय."

मुली हसल्या. मास्तरांनी मला तासभर उभं केलं. "खोटं बोलले, असं उद्या सर्वांसमोर कबूल कर."

घरी वडीलही म्हणाले, "कबूल करून टाक." मला शिक्षेपेक्षा दुसरीच भीती होती. चाचांनी थाप मारली असेल तर? मी त्यांच्याकडे गेले आणि रडतच विचारलं, "चाचा, खरं सांगा, झाड पाह्यलं का तुमी?"

ते हसले नाहीत. "उद्या मी येतो, बेटा."

दुसऱ्या दिवशी ते नारळ घेऊन शाळेत आले. सोबत जुन्या लुंगीत गुंडाळलेला वाळक्या पानाचा हातभर तुकडा होता, पंख्यासारख्या घड्यांचा, कडेनं चिरफाळलेला.

"मास्तर, हे त्याच झाडाचं पान. वाऱ्यानं फाटलं हाय. समुद्राच्या पान्याखाली वारा कुठून येईन?"

मास्तरांनी पान हातात घेतलं, उन्हात धरलं.

"मंग हा नारळ समुद्रात कसा सापडतो?"

"हिरवा असला तं बुडते. आतून सडून पोकळ झाला की तरंगते. लोकाइले नारळ दिसला, झाड दिसलं नाही. दोनच बेटांवर हाय ते. डोंगरातल्या घळीत, मोठमोठे खडक, मधून झरा. नर झाड येगळं, मादी येगळी. फळ पिकाले सहा-सात वर्षं लागतात. वारा सुटला की पानं टिनावानी वाजतात, अन् काळपट पोपट वरडतात. मी तिथं बसून भात खाल्ला हाय."

मास्तरांनी पान चाचांना परत दिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बस खाली. चूक माझी होती."

मी बसले. चाचा खरं बोलले होते, एवढंच डोक्यात घुमत होतं. मास्तरांनी फळ्यापाशी स्टूल ठेवलं आणि खडू चाचांच्या हाती दिला. "झाड काढून दाखवा."