बाजाराच्या भिंतीवर अण्णांचे फोटो

माझे वडील, आमचे अण्णा, कारखान्यातली नोकरी सांभाळून दर रविवारी बनशंकरीच्या बाजारात फोटो काढत. ते गेल्यावर प्रदर्शन भरवावं म्हणून मी एका गॅलरीत गेले. तिथल्या बाईंनी फोटोंचं कौतुक केलं आणि म्हणाल्या, "हातगाड्या हटवतानाचे तेवढे वगळू या. उगाच वाद नको."

नेमके तेच फोटो काढताना रेटारेटीत अण्णांचा चष्मा फुटला होता, तरी त्यांनी कॅमेरा खाली ठेवला नव्हता. मी सगळे फोटो उचलून घरी आले.

पुढच्या रविवारी मी आणि माझ्या भावानं ते बाजाराच्याच भिंतीवर लावले. भावानं अण्णांवर एक छोटी फिल्म केली होती, ती दाखवायला पांढरी चादर ताणली. दिवेलागणीला बाजार समितीचा एक माणूस आला.

"परवानगी कुठाय? उतरवा हे सगळं."

मी उत्तर देणार, तेवढ्यात एक फुलवाली अक्का पुढे झाली. एका फोटोत उलटलेल्या गाडीखालची फुलं वेचणाऱ्या तरुण बाईवर तिनं बोट ठेवलं आणि कन्नडमध्ये म्हणाली, "ही मी आहे. हात लावायचा तर आधी मला विचार."

तिच्यामागोमाग भाजीवाल्या बायका चादरीसमोर मांडी घालून बसल्या. तो माणूस पुटपुटत निघून गेला. आम्ही फिल्म दोनदा दाखवली.

सोमवारी सकाळी तीन फोटो फाडलेले दिसले. निगेटिव्ह माझ्या कपाटात आहेत. आम्ही तेच फोटो दुप्पट मोठे छापून पुन्हा लावले.