ई म्हणा की!

माझ्या मावशीच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या काकांनी, उभ्या सोलापुरात कुणाचं बोलणं कधी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. ते फक्त आवाज ऐकत. घशाचे डॉक्टर ना! आपण पोटतिडकीनं काही सांगावं आणि यांनी मान तिरकी करून म्हणावं, "जरा ई म्हणा की." एका लग्नात त्यांनी मंगलाष्टकं संपायच्या आत भटजींना ई म्हणायला लावलं होतं. नवी पेठेत मावशी साड्या बघत होती, तर दुकानदाराचा घोगरा आवाज ऐकून हे थेट त्याच्या गादीवर चढले. "साहेब, साडी बघताय का माझा घसा?" "साडी राहू द्या हो, ई म्हणा!" पुढं त्याच्या स्वरयंत्रातून हरभऱ्याएवढी गाठ निघाली, मावशीची साडी मात्र राहिली ती राहिलीच. असल्या क्वचित सापडणाऱ्या, साध्या गाठींवर काकांचा भारी जीव. "कॅन्सर नाही, काही नाही. वेळेवर काढली की माणूस गायला मोकळा," असं ते जावयाचं कौतुक सांगावं तसं सांगत.

घरी मात्र ठार बहिरे. मावशी स्वयंपाकघरातून "अहो, पानं वाढलीत" म्हणून हाकांवर हाका मारायची, आमटी गार व्हायची, तरी पुस्तकातून यांची मान वर येत नसे. पुढं तिचा आवाज बसत चालला, तेव्हा "ऊन लई आहे, ओरडणं कमी कर" म्हणत त्यांनी तिच्या हातावर ज्येष्ठमधाची कांडी ठेवली. असं वर्षभर चाललं.

मग घराखालच्या त्यांच्या दवाखान्यात नवी दुर्बीण आली. आम्हाला तिची करामत दाखवायची म्हणून त्यांनी चहा घेऊन आलेल्या मावशीलाच खुर्चीत बसवलं. "ई म्हण गं." पडद्यावर चांगली बोराएवढी गाठ दिसली. काकांनी तिथूनच पुण्याला फोन लावला.

पुण्याच्या डॉक्टरांनी ती काढली. गाठ साधीच निघाली, पण तिनं आवाजाची नस धरली होती. मावशी वाचली, आवाज गेला. "वर्षभर आधी बघितलं असतं तर राहिला असता," हे काका आता कुणी न विचारताच सांगतात. ऐकवत नाही.

त्यांची खुर्ची हल्ली स्वयंपाकघराच्या दारासमोर असते. पुस्तक मांडीवर मिटलेलं, डोळे मावशीच्या तोंडाकडे. परवा मी गेलो तेव्हा तिनं पानं वाढली आणि नुसते ओठ हलवले.

"आलो गं, आलो!" काका केवढ्यांदा तरी ओरडत उठले. आमटीला अजून वाफ येत होती.