तोसात्तींच्या शेवटच्या गाडीची सीट

आर्जाच्या नवऱ्याला, लेआर्कोला, सगळा कारखाना 'बूड' म्हणायचा. त्याला त्याचा राग नव्हता. नव्या माणसाला तो स्वतःच सांगायचा, "मी तोसात्तींचं बूड."

कामच तसं होतं. मालकाने, थोरल्या तोसात्तीने, आधी पाण्याचे पंप केले, मग द्राक्षमळ्यात शिरणारे लहानखुरे ट्रॅक्टर, मग पोराच्या नादाने शर्यतीची इंजिनं. हातात पैसा खेळू लागल्यावर म्हाताऱ्याने चार दारांची, लांबलचक, दिमाखदार मोटार काढली आणि तिचं नाव ठेवलं दुकेसा. मोदेनाच्या आसपास तेव्हा बसक्या लाल गाड्या करणारे पैशाला पासरी. तोसात्ती म्हणे, त्यांच्या गाडीत माणूस घुसतो, माझ्या गाडीत तो बसला पाहिजे. म्हणून दुकेसाच्या सीटमध्ये फोम नसे. स्प्रिंगा, तरट, घोड्याचे केस, वर चामडं. आणि चामडं शिवण्याआधी लेआर्कोने दुपारभर त्या केसांवर नुसतं बसून राहायचं. केसांना माणूस कळला पाहिजे, असं म्हाताऱ्याचं म्हणणं.

लेआर्कोचा एक पाय जन्मतः आखूड, त्यामुळे डावा कुल्ला अंमळ जास्त दबायचा. तेवढा खड्डा प्रत्येक दुकेसात उतरला. गिऱ्हाइकांनी कधी तक्रार केली नाही. उलट म्हणत, आपल्या आधी कोणीतरी बसून ऊब करून ठेवल्यासारखं वाटतं.

तिथले दंडक दोन. भरलेली सीट अंधार पडायच्या आत कोणी बसल्याशिवाय सोडायची नाही. रिकामी राहिली तर ज्याला बसायचं तो येऊन बसतो. आणि बसणारा माणूस बदलला की जुन्याला सीटवर बसवून, हातात लांब्रुस्को वाइनचा पेला देऊन सांगायचं, ऊठ, तुझी पाळी संपली. लेआर्कोच्या आधीचा आफ्रो असाच उठला होता, पेला रिकामा करून, हसत.

लेआर्कोला कोणी सांगितलं नाही. नोव्हेंबरच्या धुक्यात, शेवटच्या दुकेसावर दुपारभर बसून तो सायकलवरून घरी निघाला आणि बीटने भरलेल्या ट्रकला तो दिसलाच नाही. त्या सीटचं चामडं आर्जानेच शिवलं, ती तिथे शिवणकामालाच होती. त्याच हिवाळ्यात पेट्रोल कडाडलं, असली धूड गाडी घेणार कोण, आणि कारखान्याला टाळं लागलं.

त्यानंतर मेलेल्यांचा सण यायचा, तेव्हा आर्जा रिवाजाप्रमाणे रात्री त्याचं ताट मांडून ठेवायची. शेजारणींच्या घरी सकाळी पाव कुरतडलेला दिसे, पेला हललेला दिसे. आर्जाचं ताट जसंच्या तसं. शेजारीण एकदा म्हणालीही, तुझा मेल्यावरसुद्धा उंडगाच दिसतो.

आता आर्जा म्हातारी झाली होती आणि आफ्रोचा नातू इव्हानो जुन्या गाड्या नव्या करून विकत होता. शेवटची दुकेसा त्याला पार्माकडे एका गोठ्यात कडब्याखाली सापडली. त्याने पत्रा ठोकून घेतला, इंजिन उतरवून बसवलं, रंग असा दिला की त्यात तोंड पाहावं. सीट तेवढी राहिली. केसांचं काम जाणणारं आर्जाशिवाय कोणी उरलं नव्हतं.

तिने आपलेच जुने टाके उसवले, चामडं बाजूला केलं. डावीकडे तोच खड्डा. तिने तळवा आत ठेवला. ऊब होती. गोठ्यात इतकी वर्षं पडलेल्या गाडीत. ती हात तसाच ठेवून बसली.

इव्हानोने बजावलं होतं, गाडी घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंचं माकडहाड दुखतं, सीट एकसारखी हवी. आर्जाने केस धुतले, पिंजले, पुन्हा भरले, दाभणाने तरट आवळलं आणि संध्याकाळ व्हायच्या आत स्वतः वर बसली. दुसऱ्या दिवशी डावीकडे खड्डा होता. पुन्हा भरली, पुन्हा खड्डा.

"मावशी, खरं सांगा, तुम्हीच एका बाजूला कलता ना?" इव्हानो म्हणाला.

"लेका, माझं बूड तुझ्या आजानेसुद्धा कधी मोजलं नाही, तू कशाला मोजतोस?"

पण मग तिने सीटवर शिवणाच्या खडूची भुकटी पसरली आणि इव्हानोला शेडचं कुलूप लावायला लावलं. सकाळी भुकटीवर बोटाचाही ठसा नव्हता. खाली केस दबलेले होते. इव्हानोने छातीवर क्रुसाची खूण केली, मग ओशाळून स्प्रिंगांना शिव्या दिल्या आणि स्प्रिंगा बदलल्या. फरक पडला नाही.

काय करायचं ते आर्जाला पहिल्या सकाळीच कळलं होतं. ती करत नव्हती. ऊठ म्हटलं आणि खरंच उठून गेला, तर? जगात त्याची तेवढीच ऊब उरली होती. रोज सकाळी येऊन ती तळवा ठेवायची आणि मग काम सुरू केल्यासारखं दाखवायची.

शेवटी इव्हानो फोमचा गठ्ठा घेऊन आला. बाई उद्या येणार, म्हणाला, आता हे केस शेगडीत घालतो. तो वाईट नव्हता, घाबरला होता.

आर्जा म्हणाली, "आजची दुपार दे. आणि लांब्रुस्कोची बाटली आण."

आफ्रोचा नातू तो. त्याने तिच्याकडे पाहिलं, बाटली आणून ठेवली आणि दार ओढून घेतलं.

बाहेर धुकं इतकं की शेडच्या काचा लोकरीने भरल्यासारख्या. आर्जा गाडीत शेजारच्या सीटवर बसली. पेला भरून पुढे ठेवला, जांभळा फेस विरेपर्यंत थांबली.

"तुला कोणी सांगितलं नाही, नाही का रे," ती म्हणाली. "कारखाना कधीच गेला. म्हातारा गेला, आफ्रो गेला. तू आपला बसून. ऊठ आता, लेआर्को. तुझी पाळी संपली."

काही झालं नाही. तिला वाटलं, ऐकलं नाही, जिवंतपणीही एका हाकेत कधी ऐकायचा नाही. मग केस करकरले. जड माणूस टेकू घेऊन उठावा तशी सीट डावीकडून हळूहळू वर आली आणि सगळी गाडी तिच्या अंगाखाली किंचित उचलली गेली. दार उघडलं नाही. पेला भरलेलाच होता. तो टाकून द्यायचा रिवाज नसल्याने तिने पिऊन टाकला.

मग दंडकाप्रमाणे ती त्याच्या जागी जाऊन बसली. सीट एकसारखी होती आणि थंडगार. इव्हानो आला तेव्हा ती रडत होती. त्याने तिला कोट चढवला, घरी पोचवतो म्हणाला. ती नको म्हणाली.

कालव्याच्या काठाने ती एकटीच निघाली. हातभर पुढचं दिसत नव्हतं. पुलाजवळ मागून सायकलच्या साखळीचा टकटक आवाज आला, ओळखीचा, एक पाय आखूड असलेल्या माणसाने मारलेल्या पायडलांचा, एक लांब, एक तोकडा. ती थांबली की तोही थांबे. तिने वळून पाहिलं नाही. ट्रकच्या रस्त्याने न जाता लांबच्या वाटेने गेली.

घरात शिरून तिने रस्सा तापायला ठेवला, त्यात सारण भरलेल्या तोर्तेलिनी सोडल्या. पाठीमागे, टेबलाशी, त्याच्या खुर्चीवर तिनेच कधीकाळी घोड्याचे केस भरून शिवलेली गादी होती. ती करकरली.

आर्जाने मान वळवली नाही. फळीवरून दोन खोलगट ताटल्या काढल्या, दोन्हीत डाव रिकामा केला आणि पाठमोरीच म्हणाली,

"पाय पुसलेस का?"