गाठीचा ब्लाउज

मेहरूणच्या गल्लीत केबल सगळ्यात आधी आली ती कुंदाअक्काच्या घरात, आणि तेव्हापासून मुंबईच्या नट्यांची धडगत राहिली नाही. सिनेमाच्या बक्षिसांचा समारंभ लागला की शेजारणी निवडायचं धान्य सुपात घेऊन तिच्याकडे जमत. पडद्यावर गाडीचं दार उघडे, लाल गालिच्यावर उंच टाच टेके, आणि टाचेच्या वरचं काही दिसायच्या आत अक्काचा निकाल लागलेला असे.

"हाई काय घाली उनी वं माय! शिंपीनी अर्धं कापड चोरी लिधं वाटस."

एरवी ती शहरी मराठी बोले. पण पाणउतारा करायला तिला माहेरची अहिराणीच लागे.

चौऱ्याण्णव साली बक्षीस घ्यायला एक नटी आली. तिच्या ब्लाउजला पाठच नव्हती, नुसती एक गाठ. अक्का आठवडाभर त्या गाठीवर बोलत होती. गाठ कशी मारली असेल, कुणी मारली असेल, सुटली तर काय, सगळं.

तेवढ्यात धुळ्याहून दीर रुपचंदचा निरोप आला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्या साडीच्या दुकानाचं उद्घाटन होतं, तेही त्याच नटीच्या हस्ते. दारात लाल गालिचा अंथरायचा होता आणि ओवाळायला घरची मोठी सून म्हणून कुंदावहिनी हवी होती.

अक्का लगेच भटू शिंप्याकडे गेली. माप घेऊन झाल्यावर तो घुटमळला. "अक्का, पाठीचं कापड आणायचं राहिलं."

"राहू दे. आणि कुठं बोलू नको."

आखाजीच्या रणरणत्या उन्हात, एस.टी.त अक्का अंगभर शाल लपेटून बसली. नवरा जीवराम घाबरला. "ताप आला का गं?"

"गप बसा हो."

दुकानाच्या दारात नटीची गाडी येऊन थांबली. अक्कानं शाल नवऱ्याच्या हातात दिली आणि टिकल्यांच्या चमचमत्या साडीत, पाठीवर एकच गाठ मिरवत गालिच्यावर पाऊल टाकलं. गर्दीत शिट्टी वाजली. जीवरामनं ती शाल स्वतःच्याच डोक्यावर ओढून घेतली. फोटोवाल्यानं घाईत तिचेच फोटो काढले.

मग गाडीतून नटी उतरली. खान्देशात जायचं म्हणून कुणीतरी तिला बजावलं असावं. नऊवारी, कोपरापर्यंत बाह्या, डोक्यावर पदर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. दोघी समोरासमोर आल्या. 

नटीनं वाकून तिच्या पायांना हात लावला आणि हळूच विचारलं, "मावशी, ब्लाउज कुणी शिवला? छान बसलाय."

 ओवाळताना अक्कानं निरांजन उलटं फिरवलं.

दुसऱ्या दिवशी शेजारची द्रौपदाबाई वर्तमानपत्र घेऊन आली. फोटो पाठमोरा होता. खाली छापलं होतं, 'सुप्रसिद्ध अभिनेत्रीचे धुळ्यात आगमन.' गल्लीत कुणी ओळखलं नाही, म्हणजे तसं सगळ्यांनी दाखवलं तरी.

"कशी दिसे वं ती?" द्रौपदाबाईनं विचारलं.

अक्कानं फोटो बराच वेळ न्याहाळला.

"पाठ बरी शे," ती म्हणाली, आणि फोटो कापून घ्यायला कात्री शोधू लागली.